मोजक्या पैशांतला संगणक

द्रव्य विपुल असलें म्हणजे वस्तूंची निवड दुकानदारावर सोंपवितां येते. तें मोजकें असलें म्हणजे प्रत्येक रुपया कोणत्या कामीं जात आहे, हें आपणांसच पाहावें लागतें. गेल्या हिवाळ्यांत एका संगणकाच्या निमित्तानें याचा प्रत्यय आम्हांस आला. ती हकीकत विद्यार्थी वाचकांच्या उपयोगीं पडेल, म्हणून येथें देत आहों.

आमचा एक माजी विद्यार्थी नेर येथें व आसपासच्या खेड्यांत लग्नसमारंभांचे फोटो व व्हिडिओ काढतो. कॅमेरा त्याचा स्वतःचा आहे. परंतु टिपलेल्या चित्रांची कापणी व जोडणी अमरावतीस दुसऱ्याकडून करून घ्यावी लागे, आणि मिळकतीचा मोठा वांटा तिकडेच जाई. कापूस विकल्यावर त्याच्या वडिलांनीं 75,000 रुपये त्याच्या हातीं ठेविले. "सर, पुढच्या पेरणीपुरते मागें ठेवून बाबांनीं हे दिले आहेत, पुन्हां मागतां यावयाचे नाहींत," असें म्हणून त्यानें कोणीतरी करून दिलेली यादी आमच्यापुढें ठेविली. तींत कांचेची पेटी होती, रंगीत दिवे होते, संगणकावरील खेळांसाठीं वाखाणलेलें महाग ग्राफिक्स कार्ड होतें. साठवणीस मात्र एकच लहानशी डिस्क होती.

आम्हीं त्यास म्हटलें, "आधीं वस्तु नकोत, काम लिहून काढ."

हा धडा आपल्याकडे जुनाच आहे. दादासाहेब फाळके 1912 सालीं विम्याची पॉलिसी गहाण टाकून लंडनला गेले, आणि तो पैसा त्यांनीं विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फिल्मला छिद्रें पाडण्याचें यंत्र, अशा अडून बसणाऱ्या वस्तूंवरच खर्चिला. छिद्रें पाडण्याचें काम सरस्वतीबाई घरीं करीत. 1913 सालीं 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. कोल्हापुरांत बाबूराव पेंटर यांनीं तर दामल्यांच्या साहाय्यानें कॅमेराच घडविला, व 1920 सालीं 'सैरंध्री' लोकांपुढें आणिला. कोणत्या भागावांचून काम अडेल, हें या मंडळींस पक्कें ठाऊक होतें.

आमच्या विद्यार्थ्यानें काम लिहून आणिलें. एका लग्नाचें सुमारें पांच तासांचें चित्रण. त्यांतून अर्ध्या तासाचा व्हिडिओ, शिवाय फोटोंचा अल्बम. त्याच्या कॅमेऱ्याचा वेग सेकंदास 100 मेगाबिट. म्हणजे तासास 45 गिगाबाइट, आणि एका लग्नास 225! हा हिशेब मांडतांच साठवणीची लहान डिस्क त्याच्या मनांतून आपोआप उतरली.

मग आम्हीं एकच कसोटी ठरविली. जें मागाहून बसवितां येईल, तें मागाहून. ज्याची उणीव मागाहून भरून निघणार नाहीं, तें आधीं.

प्रथम प्रोसेसर. कॅमेरा चित्रें दाबून साठवितो, व तीं उलगडण्याचें काम संगणकास क्षणोक्षणीं करावें लागतें. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांत ग्राफिक्सची सोय अंगचीच असते, त्यांत यासाठीं क्विक सिंक नांवाची खास योजना असते. नांवाच्या शेवटीं 'एफ' अक्षर असलेले थोडे स्वस्त पडतात, पण त्यांत ही सोय नसते. म्हणून 'एफ' नसलेला सहा कोअरचा घेतला, व ग्राफिक्स कार्ड पुढच्या मिळकतीवर सोडलें. तें बसविण्याची जागा मदरबोर्डावर आहे, आणि त्याचा भार सोसणारा चांगला एसएमपीएस आतांच घेतला. कारण तेथें केलेली काटकसर इतर सर्व भागांच्या जिवावर बेतूं शकते. रॅम 16 गिगाबाइट, आठ-आठच्या दोन पट्ट्यांत घेतली, म्हणजे दोन्ही वाटांनीं माहिती वाहते. आणखी दोन खांचा मोकळ्या राहिल्या. मॉनिटर आकारानें लहान, पण आयपीएस जातीचा व एसआरजीबी रंग जवळजवळ पूर्ण दाखविणारा निवडला. हळदीचा पिवळा रंग पडद्यावर हिरवट दिसला, तर अल्बममध्यें तो खरा कसा उतरावा? जोडणीसाठीं केडेनलाइव्ह आणि फोटोंसाठीं डार्कटेबल व गिम्प हे प्रोग्राम विनामूल्य मिळतात, त्यामुळें तो खर्च टळला.

पेटी साधी, परंतु हवा खेळती ठेवणारी व धूळ अडविणाऱ्या जाळीची घेतली. आमच्या उन्हाळ्यांत पारा 45 अंशांपर्यंत चढतो, आणि कापसाच्या मुलखांत तंतूंस तोटा नाहीं. वीज गेली तरी काम जतन करून यंत्र बंद करण्यापुरती सवड मिळावी, म्हणून यूपीएस घेतला.

उरलेल्या पैशांवर आमचा थोडा वाद झाला. चालू कामासाठीं 500 गिगाबाइटची जलद एसएसडी दोघांसही मान्य होती. पण साठवणीस एक हार्ड डिस्क पुरे, असें त्याचें म्हणणें. आम्हीं दोनांचा आग्रह धरिला, आणि दुसरी दुसऱ्या घरीं ठेवावयास सांगितली. संगणक बिघडला तर दुरुस्त होईल, चोरीस गेला तर दुसरा येईल. पण लागलेलें लग्न फोटोसाठीं पुन्हां लावतां येत नाहीं. तें त्यास पटलें.

या उन्हाळ्यांतील सर्व लग्नें त्यानें घरींच जोडून दिलीं. एका घरचे आजोबा लग्नानंतर दोन महिन्यांनीं वारले. घरच्या मंडळींस त्यांचें चालतें-बोलतें रूप पाहावयाचें होतें. अल्बमांत न आलेला भागही त्यास त्याच दिवशीं काढून देतां आला. त्या कुटुंबानें प्रोसेसर कोणता, हें विचारिलें नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, तुम्हांपैकीं पुष्कळांच्या हातीं उद्यां असेच आईबापांच्या कष्टाचे मोजके पैसे पडतील. यंत्राचीं नांवें तोंवर बदललेलीं असतील. परंतु काय थांबूं शकतें व काय थांबूं शकत नाहीं, हें लिहून काढल्यावांचून बाजारांत पाऊल टाकूं नका.