मागून येणारी सायकल

मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकलत होतो, त्याच दिवसांत मी आखलेल्या एका थांब्यावर बसमधून उतरलो. गाव कोल्हापूर नव्हतं, एवढंच सांगतो. चार पावलं टाकली आणि सायकलचं हँडल कोपराला घासून गेलं. पोरगी पुढे जाऊन थांबली, घाबरली होती. "आजोबा, घंटी वाजवली होती की हो!" वाजवली असणार. पाठीमागे बसचं इंजिन धडधडत होतं.

या थांब्याची रचना अशी: रस्ता आणि सायकलमार्ग यांच्यामध्ये बेट, त्यावर निवारा, निवाऱ्याच्या मागून सायकली. सायकलवाल्याला थांबलेल्या बसला वळसा घालून रहदारीत शिरावं लागत नाही. कागदावर सगळे सुटतात. अडकतो तो उतरलेला माणूस. पदपथ गाठायला त्याला सायकलमार्गाचे दोन मीटर ओलांडावे लागतात, आणि नेमकं तेव्हा त्याचं लक्ष पिशवीत, नाहीतर पोराच्या हातात असतं.

पुण्यात 2006 साली बीआरटी आली, शेजारी सायकलमार्गही आखले गेले. तेव्हापासून हे दोन मीटर माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत. ओलांडायची जागा पदपथाच्या उंचीला आणली. चढ लागला की सायकल हळू होते. हळू होते, थांबत नाही. मार्ग अरुंद करून पाहिला, तर सायकलींना लटकवलेल्या दुधाच्या किटल्या कठड्याला घासायला लागल्या. रुंद केला, तर मोटारसायकली घुसल्या. सायकलमार्गांचे डच नकाशे जसेच्या तसे उतरवणाऱ्यांनी एकदा कोल्हापुरात गंगावेशीत दूध कट्ट्यावर येऊन उभं राहावं. आणि डांबरावर हिरवा पट्टा ओढून, थांब्यापाशी त्याच्यावर बस चढू देणाऱ्यांच्या कामाला मी आराखडा म्हणतच नाही. तिथे सायकलवाला बस आणि कठडा यांच्यात चेंगरतो.

लंडनमध्ये अंधांच्या संघटनांनी अशा बेटांच्या थांब्यांना विरोध केला, तेव्हा मला तो हटवादीपणा वाटला होता. अंध माणूस रस्ता कानाने ओलांडतो आणि सायकलला आवाज नसतो, एवढं साधं त्यांचं म्हणणं. ते मला स्वतःचा डोळा धूसर झाल्यावर पटलं. याची लाज वाटते.

त्याहून मोठी लाज निवाऱ्याच्या मागच्या भिंतीची. ती मी काळ्या दगडात उभी केली. लहानपणापासून कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहत आलो. 1884 साली पुऱ्या झालेल्या त्या राजवाड्याच्या काळ्या दगडाचं वेड माझ्या अंगात आहे. आपल्या थांब्यावर कोल्हापूरची खूण असावी, फोटोत ती उठून दिसावी, असं मला वाटत होतं. सोबतच्या तरुण इंजिनिअरने तेव्हाच विचारलं होतं, "सर, भिंतीआडून सायकल दिसणार कशी?" मी त्याला दगडाचं सौंदर्य समजावलं. उत्तर मला ठाऊक होतं. ती पोरगी मला दिसली नाही याला मोतीबिंदू अर्धाच कारण. उरलेलं ती भिंत.

कोल्हापुरात हे काम मला कुणी दिलेलं नाही. इथे थांब्यावर रिक्षा उभ्या, केएमटीची बस रस्त्याच्या मध्येच थांबते आणि माणसं रहदारीत उतरतात. तरी रंकाळ्याकडच्या रस्त्यासाठी एक थांबा आपणहून काढतोय. निवाऱ्याला मागे काच. दगड भिंतीतून काढून सायकलमार्गावर आडवा घातलाय, ओलांडायच्या जागेच्या अलीकडे, खडबडीत, म्हणजे चाक त्यावरून खडखडत येईल आणि पाठमोऱ्या माणसालाही कळेल.

पाथरवटाकडून वेगवेगळ्या टाकीचे तीन नमुने आणून अंगणात मांडलेत. नात सायकल घेऊन त्यांवरून जाते, मी पाठ करून डोळे मिटून उभा राहतो. पहिल्या दोन दगडांवर काही ऐकू येत नाही. तिसऱ्यावर स्पष्ट येतं. काल त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलं, तर तिचं मागचं चाक घसरलं. पाथरवटाला परत बोलावलंय.