आवाज गेला कुठे?

विंडोज १० नव्याने टाकलं आणि पडद्यावरची अक्षरं फुगून बसली. आवाज तर गायबच. मला धास्ती वेगळीच होती. डी ड्राइव्हमध्ये अब्बांचं एक रेकॉर्डिंग आहे, त्यांच्या शेवटच्या रमजानमधलं. फाईल शाबूत होती, चालतही होती, पण मुकी.

डिव्हाइस मॅनेजर उघडलं. तिथे 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॉप्टर', म्हणजे विंडोजने लावलेला कामचलाऊ ड्रायव्हर. ऑडिओपुढे पिवळं चिन्ह. अशा वेळी प्रॉपर्टीजमध्ये जाऊन हार्डवेअर आयडी बघावा. एकात ८०८६ होतं, म्हणजे इंटेल. दुसऱ्यात १०ईसी, म्हणजे रिअलटेक. (ड्रायव्हर शोधून देणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. मी एकदा लागलो होतो.) मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवरून दोन्ही ड्रायव्हर घेतले, रिस्टार्ट केलं. अक्षरं ताळ्यावर आली. आवाज नाहीच!

तासभर डोकं खाजवल्यावर उमगलं, आवाज एचडीएमआयच्या वायरीतून मॉनिटरकडे चालला होता, आणि माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आउटपुट बदललं.

अब्बा खोकले. मग म्हणाले, "पंखा बंद कर रे, काही ऐकू येत नाही."