मी आलो

आमच्या बैठकीचा एक नियम आहे. ज्याची कथा असेल त्याने शेवटपर्यंत गप्प बसायचं. बाकीचे पाच जण ओळीने बोलतात. कुणी आपलं वाक्य भलत्याच अर्थाने घेतलं, कुणाला कथेत आपल्या मनातही नसलेलं काही सापडलं, तरी 'अहो, तसं नाही' म्हणायचं नाही. सगळ्यांचं बोलून झालं की मग आपली पाळी. नियम आमचा नव्हे. डेमन नाइट, ज्युडिथ मेरिल, जेम्स ब्लिश या विज्ञानकथाकारांनी १९५६मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड गावी लेखकांची बैठक सुरू केली, तिथली ही पद्धत. पुढे १९६८मध्ये निघालेल्या क्लॅरियन कार्यशाळेने ती उचलली आणि सहा-सहा आठवडे नव्या लेखकांना असं गोलात बसवलं. आम्ही पुण्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये सतरंजीवर बसतो, एवढाच फरक.

सुरुवातीला आम्ही कथेवरचं नावही काढून टाकत होतो. त्यामागे जयंत नारळीकर होते. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून घेतलेलं ते नाव. परीक्षकांनी कथा पाहावी, माणूस पाहू नये, म्हणून. आणि बक्षीस जगतापांना मिळालं. पण सहा माणसांत लपणार कोण? तिसऱ्या परिच्छेदाला माणूस ओळखू यायचा. नाव लपवणं सुटलं, गप्प बसणं राहिलं.

२०२३च्या सप्टेंबरात कथा माझी होती. दहा-अकरा दिवसांपूर्वीच, २३ ऑगस्टला संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं होतं. तेव्हा इस्रोने यानाच्या तोंडचा एक संदेश इंग्रजीत प्रसिद्ध केला. मुक्कामाला पोहोचल्याचं यान स्वतःच देशाला सांगतंय, असा. मी तो वाचला आणि सवयीने मनात मराठी करायला गेले, तर पहिल्याच क्रियापदाशी अडले. यान म्हणेल काय? मी पोहोचलो? मी पोहोचले? की मी पोहोचलं? इंग्रजीत एका शब्दात झालं होतं ते काम. माझ्या कथेतही नेमकं हेच अडलेलं होतं, महिनाभर.

कथेत एक यान आहे. सूर्यमालेच्या कडेला जाऊन ते चाळीस वर्षांनी परत येतं आणि सगळी कथा तेच सांगतं. यानाचं लिंग ठरवायची माझी तयारी नव्हती. ते पुरुष नाही, बाई नाही आणि त्याला तसं काही वाटतही नाही. मग केवळ व्याकरणाच्या सोयीसाठी मी त्याला एका रांगेत का उभं करावं? म्हणून बावीस पानं मी वाट काढत गेले. 'मी पाहिलं', 'मी दार उघडलं', 'मी मोजलं' हे चालतं, कारण तिथे क्रियापद कर्माच्या मागे जातं, बोलणाऱ्याला विचारतच नाही. 'मला दिसलं', 'मला कळलं' चालतं. 'मी जाईन' चालतं. 'मी ऐकत आहे' चालतं. 'मी गेलो' मात्र चालत नाही.

वाचन संपल्यावर आमच्यातले सर पहिले बोलले. सरांनी भौतिकशास्त्र शिकवण्यात सगळी नोकरी घालवली आणि त्यांची स्वतःची कथा आली की एक पात्र दुसऱ्याला 'तुला माहीतच आहे' म्हणून दोघांनाही ठाऊक असलेलं विज्ञान सांगू लागतं. त्यावर आम्ही त्यांना दर वेळी धरतो. पण दुसऱ्याची कथा ते फार बारीक वाचतात. म्हणाले, "यान नेपच्यूनपाशी असताना पृथ्वीवरून कुणी हाक मारली तरी ती पोहोचायलाच चार तासांच्या वर लागतात. उत्तर परत यायला तेवढेच. म्हणजे संवाद शक्यच नाही, त्याने एकटंच बोलत राहायचं. ते या बाईंनी बरोबर पकडलंय. पण मला काहीतरी खुपत होतं, ते दहाव्या पानावर सापडलं. हे यान शिकणारं यंत्र आहे ना? मग ते एकदाही 'मी शिकलो' म्हणत नाही. 'मी विसरलो' म्हणत नाही." मग त्यांनी चष्मा काढला. "आणि 'मी होतो' म्हणत नाही. त्याला 'आहे' म्हणता येतं, 'असेन' म्हणता येतं. 'होतो' नाही. या यानाला भूतकाळच नाहीये."

मी गप्प. नियम होता म्हणून नव्हे. बावीस पानं लिहून मला जे दिसलं नव्हतं ते त्यांनी ऐकता ऐकता पाहिलं होतं. मी लिंग टाळायला गेले आणि हातातून भूतकाळ गेला. माझं यान दारं उघडत होतं, तारे मोजत होतं, पण त्याला कुठून निघता येत नव्हतं, कुठे पोहोचता येत नव्हतं, थकता येत नव्हतं. प्रवासाची गोष्ट, आणि निवेदकाला प्रवासाचं एकही क्रियापद नाही.

सॉफ्टवेअरमध्ये असलेला आमच्यातला सगळ्यात धाकटा मुलगा अमेरिकी कादंबऱ्या खूप वाचतो. त्याने अ‍ॅन लेकीच्या 'अ‍ॅन्सिलरी जस्टिस'चा विषय काढला. २०१३ची कादंबरी. तिचा निवेदक एके काळी स्वतःच एक अवकाशयान होता आणि त्याची भाषा स्त्री-पुरुष भेद करत नाही, म्हणून लेकीने सरसकट सगळ्यांना 'शी' म्हटलं. त्याआधी, १९६९मध्ये, उर्सुला ले ग्विन यांनी 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस'मधल्या एरवी लिंग नसलेल्या माणसांना इंग्रजीतलं पुल्लिंगी 'ही' म्हटलं होतं. टीका झाल्यावर आधी त्यांनी एका निबंधात त्याचं समर्थन केलं आणि पुढे काही वर्षांनी आपल्याच त्या निबंधाशेजारी नव्या टिपा लिहून मत बदलल्याचं मान्य केलं. मला ले ग्विन यांच्याबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो तो यासाठी. जुना निबंध त्यांनी लपवला नाही, त्याच्याच कडेला बसून स्वतःशी वाद घातला.

"पण दोघींचाही प्रश्न तिसऱ्या पुरुषाचा आहे," तो म्हणाला. "इंग्रजी 'मी' म्हणणाऱ्याला काही विचारत नाही. आपली भाषा 'मी'लाच दारात अडवते."

नारळीकरांचा यंत्रमानव निघाला, तो ओघाने आलाच. त्याचं नाव वामन, म्हणजे प्रश्न नावापाशीच मिटला. 'वामन परत न आला' या शीर्षकातल्या 'आला'ने तर कादंबरी उघडायच्या आधीच सांगून टाकलं. इंग्रजी अवतारात त्याच कादंबरीच्या शीर्षकाला असं काही सांगावं लागत नाही. कुणीतरी म्हणालं, यान हा शब्दच नपुंसकलिंगी आहे, तृतीयपुरुषी लिही, 'यान आलं', मिटलं. सर म्हणाले, एकट्याचं बोलणं हाच कथेचा प्राण आहे, तो काढून काय उरेल? दोघांत जरा जुंपली.

मग कुडाळकडचे काका. ते अद्भुतकथा लिहितात, देवचार आणि राखणदारांच्या, आणि विज्ञानातलं मला काय कळतंय म्हणून नेहमी शेवटाकडे बोलतात. "आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही," ते म्हणाले. "माझी आई म्हणायची 'मी येतंय' आणि बाबाही म्हणायचे 'मी येतंय'. बापयो असो की बायलमाणूस. तुझ्या यानाला मालवणी शिकव."

सगळ्यांना आवडलं. धाकट्याने तर वहीत लिहून घेतलं. मलाही आवडलं, पण बसल्याजागी मला कळत होतं की हे माझ्याकडून होणार नाही. मालवणी मी नाटकात ऐकलेली. कथेतला एकुलता एक आवाज ऐकीव बोलीत लिहिला तर पानापानावर खोटा पडेल.

शेवटी उरल्या होत्या बँकेतून निवृत्त झालेल्या ताई. त्या फार थोडं लिहितात आणि त्याहून थोडं बोलतात. त्यांनी फक्त विचारलं, "हे यान बोलायला कुणाकडून शिकलं?"

खोलीत कुणीच काही बोललं नाही.

"नाही म्हणजे, मूल जे ऐकतं ते बोलतं. यानाला कुणीतरी बोलतं केलं असेल ना? कथेत ते माणूस दिसलं नाही मला."

माझी पाळी आली तेव्हा मी एवढंच म्हटलं की मला वेळ लागेल. खरं तर ताई बोलत असतानाच मला ते माणूस दिसलं होतं.

मी कागल तालुक्यातली. आमच्या गावात बायका 'मी आलो' म्हणतात. 'मी जेवलो', 'मी गेलतो', 'मी सांगतो की'. आई म्हणते, आजी म्हणायची, मी म्हणत होते. त्यात पुरुषीपणा असतो हे मला अठराव्या वर्षी पुण्यात वसतिगृहात कळलं. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या रांगेत मी "थांबा, मी आलो" म्हणाले आणि पुढच्या चार मुली वळून हसल्या. नंतर त्या मला हाक मारताना 'आलो' असंच म्हणू लागल्या. मी महिनाभर मनातल्या मनात क्रियापदं घोकली. आले, गेले, जेवले, बसले. दिवाळीला घरी गेले तेव्हा ओट्यावरून हाक आली आणि मी "आले" म्हटलं, तर आईने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बोलली काही नाही. तेव्हापासून मी घरात एक बोलते आणि बाहेर एक. सत्तावीस वर्षं झाली. मी ज्या भाषेत लिहिते तिच्यात मी कधीच 'आलो' लिहिलं नव्हतं.

मग कथा पुन्हा लिहायला घेतली. यान उडण्याआधीची नऊ वर्षं आली. तळावर रात्रपाळीला एक तंत्रज्ञ बाई आली, कागलची. यानाचं ऐकणं-बोलणं तपासायचं तिचं काम. ती डबा उघडते तेव्हा "मी जेवलो रे" म्हणते, सकाळी निघताना "मी निघालो" म्हणते, दुसऱ्या रात्री दार उघडून "मी आलो" म्हणते. यान रोज ते ऐकतं. आणि बावीस पानं ज्या क्रियापदांना घाबरून मी आडवाटेने चालले होते, ती सगळी यानाला मिळाली. मी निघालो. मी शिकलो. मी होतो. अक्षरं पुल्लिंगाचीच, पण ती एका बाईच्या तोंडून आलेली, आणि यानाने ती तिच्या आठवणीसाठी जपलेली.

नोव्हेंबरच्या बैठकीत दुसरा खर्डा वाचला. वाद झालाच. धाकटा म्हणाला, विदर्भातल्या किंवा मुंबईतल्या वाचकाला हे कळणार नाही, तो यानाला सरळ पुरुष समजेल; तंत्रज्ञ बाईंच्या तोंडी एक वाक्य घाल की आमच्याकडे असंच बोलतात. त्यावर सर ताडकन म्हणाले, "म्हणजे 'तुला माहीतच आहे'! मला ज्यासाठी तुम्ही धरता ते हिला करायला सांगताय?" काकांचं मत मधलं होतं. मी ते वाक्य घातलं नाही. बाईचं बोलणं पानभर वाढवलं, तिच्या तोंडून 'आलो', 'गेलो', 'बसलो' इतक्यांदा येऊ दिलं की कान सरावेल. ज्याचा सरावणार नाही त्याला यान पुरुष वाटेल. ती किंमत मी जाणून दिली.

त्या रात्री आईला फोनवर शेवटचं पान वाचून दाखवलं. चाळीस वर्षांनी यान वातावरणात शिरतं, तळावरची ती बाई आता नाही, दार उघडायला कुणी नाही, आणि यान म्हणतं, मी आलो. मी थांबले. आईला ते जाणवेल असं वाटलं होतं.

"मग?" ती म्हणाली.

"मग काही नाही. संपली. यान 'आलो' म्हणतं, ते बरोबर वाटलं का तुला?"

"आलो म्हणंल की गं. दुसरं काय म्हणायचं?"

पुढच्या जूनमध्ये कथा एका दिवाळी अंकाला पाठवली. घेतली. सप्टेंबरात मुद्रितं आली, आणि तपासणाऱ्याने मन लावून काम केलं होतं. तंत्रज्ञ बाईंच्या तोंडचा प्रत्येक 'आलो' खोडून 'आले' केला होता, 'जेवलो'चं 'जेवले', 'निघालो'चं 'निघाले'. यानाचे शब्द मात्र तसेच ठेवलेले. त्याच्या लेखी यान पुरुष होतं आणि बाई बाई होती, आणि लेखिकेकडून एवढ्या ठिकाणी चूक झाली होती. मला राग आला नाही. महिनाभर क्रियापदं घोकणारी मुलगी आठवली; तिनेही हेच केलं असतं.

संपादकांना फोन करून सांगता आलं असतं. पण मी मुद्रितं घेऊन बसले आणि तांबड्या पेनने एकेका खोडलेल्या शब्दाखाली टिंबं देत गेले. समासात लिहिलं, 'तसेच ठेवावे'. एकोणीस ठिकाणी.