भिशांचें औषध

शंकर आबाजी भिसे यांचें नांव निघालें कीं ‘हिंदी एडिसन’ ही पदवी हटकून पुढें येते. मला ती रुचत नाहीं. माणसाचा मोठेपणा दुसऱ्याच्या नांवानें कां मोजावा?

१८६७ सालीं मुंबईंत जन्मलेल्या भिशांची कीर्ति झाली ती छापखान्याचे खिळे ओतणाऱ्या यंत्रामुळें. त्यापायीं लंडन झालें, टाटांचें भांडवल झालें, न्यूयॉर्क झालें. आज तें यंत्र इतिहासजमा झालें आहे. परंतु अमेरिकेंत त्यांनीं ‘अ‍ॅटोमिडाइन’ नांवाचें आयोडिनाचें औषधही काढलें होतें. १९३५ सालीं न्यूयॉर्क येथेंच त्यांचा अंत झाला.

आमच्या दिंद्रुडास खिळ्यांच्या यंत्राचें अप्रूप कोणास असणार? येथें ऊसतोडीहून परतणाऱ्यांच्या हातांवर कोयत्याचे वण असतात. माझा धाकटा भाऊ अशीच एक जखम चिघळून गेला. घरांत आयोडिनाची बाटली नव्हती. ती असती, तर ती भिशांच्या हातची नसतीच, हें मी जाणतों. पण ती त्याच कुळांतली असती. म्हणून त्या थोर यंत्रज्ञाचें चरित्र वाचतांना माझें मन यंत्रावरून घसरतें आणि त्या औषधापाशीं थबकतें. तेथें मला एडिसनाची आठवण होत नाहीं, भिसेच दिसतात.