किल्ली कोणाच्या खिशात?



आमच्या वस्तीत विहाराला लागून एक खोली आहे. सकाळी बालवाडी, संध्याकाळी अभ्यासिका. तिथल्या टेबलावर एका बँक कर्मचाऱ्याने दिलेला जुना कॉम्प्युटर आहे. त्यावर उबंटू आहे, म्हणजे लिनक्स. कारण साधं होतं. विंडोजचं लायसन्स घ्यायला पैसे नव्हते आणि चोरीच्या विंडोजमध्ये दर महिन्याला व्हायरस शिरायचा. आमच्या एका कार्यकर्त्या दादाने उबंटू टाकून दिलं, अॅडमिनचा पासवर्ड ठेवला आणि वर्षभराने नोकरीसाठी परराज्यात गेला.

या पावसाळ्यात शिष्यवृत्तीचे फॉर्म सुरू झाले. स्कॅनर जोडला, तर कॉम्प्युटरने अॅडमिनचा पासवर्ड मागितला. दादाला फोन लावला. त्याने पाच पासवर्ड सांगितले, पाचही चुकले. "ताई, जाताना बदलला होता गं. पोरं गेम टाकत होती म्हणून. काय ठेवला ते आठवत नाही." त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता. अडीच वर्षांत आमच्यापैकी एकानेही त्याला पासवर्ड विचारला नव्हता.

प्रश्न फक्त स्कॅनरचा असता तर बाजारातून स्कॅन करून आणलं असतं. पण दादाच्याच खात्यात मुलांचे जातीचे दाखले होते, आणि त्याहून मोलाचं म्हणजे सफाईकाम करणाऱ्या २२ बायांच्या मुलाखती. ठेकेदार किती कापून घेतो, आजारपणाचे खाडे कसे लावतो, मुकादम काय बोलतो, हे सगळं त्यांनी आपल्या नावानिशी सांगितलं होतं. रात्री दहानंतर त्यांच्या घरी बसून मी ते लिहून घेतलं होतं. दुकानदाराने मशीन न उघडताच निकाल दिला, "फॉरमॅट मारावं लागेल. डेटा जाईल."

मी कॉम्प्युटर उचलून परत आणला.

अभ्यासिकेत बारावीची एक मुलगी येते. तिने मोबाईलवर इंग्रजीतली माहिती वाचली, अडलेले शब्द वहीत उतरवले आणि म्हणाली, "ताई, फॉरमॅट लागत नाही. करून बघू?" मला भीती वाटत होती. तिला वाटत नव्हती.

कॉम्प्युटर सुरू होताना शिफ्ट दाबून धरायचं (नव्या मशीनवर एस्केप दाबावं लागतं). मग ग्रब नावाचा मेनू येतो. त्यात 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडायचं, पुढच्या यादीत ज्या ओळीच्या शेवटी 'रिकव्हरी मोड' लिहिलंय ती घ्यायची, आणि मग 'रूट'. एवढं केल्यावर काळा पडदा येतो आणि तुम्ही त्या मशीनचे मालक होता. जुना पासवर्ड कोणी विचारत नाही. 'पासवर्ड' या इंग्रजी शब्दातली ओ आणि आर ही दोन अक्षरं गाळली की एक आज्ञा तयार होते. तिच्यापुढे खात्याचं नाव टाइप केलं की नवा पासवर्ड द्यायचा, दोनदा. टाइप करताना पडद्यावर एक टिंबही उमटत नाही. आम्हाला वाटलं कीबोर्ड गेला.

पहिल्यांदा एरर आली, ऑथेंटिकेशन टोकन वगैरे. तासभर त्यातच गेला. कारण नंतर कळलं. या मोडमध्ये आमची डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडली होती, लिहिण्यासाठी नाही. वाचू शकता, पण बदलू शकत नाही. (समाजशास्त्रात एम.ए. केल्यामुळे मला जिथे तिथे उतरंड दिसते, हे मान्य. पण हे वाक्य वाचून तुम्हालाही काही आठवलं असेल.) आधी 'माउंट' ही आज्ञा 'रिमाउंट' आणि 'आरडब्ल्यू' हे पर्याय जोडून द्यावी लागते, म्हणजे डिस्क लिहिण्यासाठी पुन्हा उघडते. ती दिली, परत पासवर्ड टाकला, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. दादाचं खातं उघडलं. मुलाखती जागेवर होत्या.

जुना पासवर्ड मात्र शेवटपर्यंत कळला नाही, आणि कळणारही नव्हता. मशीन पासवर्ड जसाच्या तसा ठेवतच नाही. 'शॅडो' नावाच्या फाइलमध्ये त्याचा हॅश असतो, म्हणजे एकाच दिशेने दळलेलं पीठ. पिठाचे पुन्हा दाणे होत नाहीत. नवे दाणे दळता येतात.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला रात्री झोप आली नाही. जे आम्ही अर्ध्या दिवसात केलं, ते त्या खोलीत शिरणारा कोणीही करू शकतो. ठेकेदाराचा माणूससुद्धा. खिडकीला गज नाहीत. ज्या बायांना मी "ताई, तुमचं नाव बाहेर जाणार नाही" असं सांगितलं, त्यांची नावं अडीच वर्षं दाराला नुसती कडी लावल्यासारखी पडून होती. पासवर्ड हे कुलूप नव्हतंच. कुलूप म्हणजे डिस्क एन्क्रिप्ट करणं, आणि ते उबंटू टाकतानाच निवडायचं असतं. आम्ही निवडलं नव्हतं. संशोधनाची नैतिकता मी परीक्षेत लिहून आले होते, मार्कही चांगले पडले होते.

मी कमिटीत विषय मांडला. एक ज्येष्ठ म्हणाले, "पासवर्ड भिंतीवर लिहून टाका, विषय संपला." दुसरे म्हणाले, "एकाच विश्वासू माणसाकडे द्या." माझा दोन्हीला विरोध होता. भिंतीवर लिहिणं म्हणजे त्या बायांना उघड्यावर आणणं. आणि विश्वासू माणसाचा अनुभव तर ताजाच होता! दादा विश्वासूच होता. आपल्या संघटनांमध्ये हेच चालतं. पावतीबुक एकाच्या घरी, फेसबुक पेज दुसऱ्याच्या मोबाईलवर, बँकेची सही तिसऱ्याची. तो माणूस रुसला, गेला किंवा वारला की काम शून्यावर. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी विभूतिपूजेच्या धोक्याबद्दल बजावलं, ते आपण भाषणात सांगतो. कमिटीत विश्वासू माणूस शोधतो.

वाद दोन तास चालला. शेवटी मुलाखती बाहेर काढून उबंटू नव्याने टाकलं, या वेळी डिस्क एन्क्रिप्ट करून. त्याचं पासफ्रेज तिघांकडे आहे, त्यातली एक ती बारावीची मुलगी. तिला कमिटीत घ्यायला वय आडवं आलं, पासफ्रेज द्यायला आलं नाही. आता हे विसरलं तर रिकव्हरी मोडही कामाचा नाही, मुलाखती कायमच्या गेल्या. म्हणून एक प्रत बंद लिफाफ्यात घालून विहाराच्या कपाटात ठेवली आहे.

कपाटाची किल्ली अजून अध्यक्षांच्याच खिशात आहे. पुढच्या रविवारच्या बैठकीत तो विषय मी लिहून दिलाय.