समुद्रसपाटीपासून

भिलाईपासून मुंबईचा समुद्र लोहमार्गाने सुमारे १,१०० किलोमीटर दूर आहे. तरीही या पोलादनगरीतील एखाद्या मराठी घरात घारापुरी बेटाचा जुना स्थलदर्शक नकाशा उलगडला गेला, तर तो सर्वस्वी परक्या भूमीचा वाटत नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या क्रमांकपद्धतीनुसार घारापुरी ४७ बी मध्ये येते, भिलाई ६४ जी मध्ये. परंतु दोन्ही ठिकाणच्या उंचीचे आकडे एकाच शून्यापासून मोजलेले असतात. १९०९ साली मुक्रर झालेली ही समुद्रसपाटी नऊ बंदरांतील भरतीओहोटीच्या नोंदींवरून ठरली. मुंबईचे अपोलो बंदर त्यांपैकी एक होय. भिलाईची सुमारे ३०० मीटर उंची अशा रीतीने घारापुरीसमोरच्या पाण्याशीही नाते सांगते.

नावांच्या बाबतीत असा समान शून्य नसतो. समोच्च रेषा बेटावरील दोन टेकड्या आणि त्यांमधील दरी जशी आहे तशी दाखवितात. नाव मात्र कोणीतरी उच्चारलेले आणि कोणीतरी ऐकलेले असते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांना किनाऱ्याजवळ दगडी हत्ती दिसला व त्यांनी बेटाला त्याचेच नाव दिले. १८१४ साली त्या हत्तीचे मस्तक व मान ढासळली, १८६४ साली त्याचे अवशेष मुंबईस नेण्यात आले, आणि १९१४ साली जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. बेटावर हत्ती नाही. तरी जगाला ते एलिफंटा म्हणूनच ठाऊक आहे. राजबंदर, मोरबंदर, शेतबंदर ही वस्त्यांची नावे तेथील रहिवाशांच्या तोंडी राहिली.

भिलाईच्या वाचकाला हा भेद अधिक जाणवावा. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर येथे अनेक गावांच्या जमिनी संपादित झाल्या. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली. नव्या वसाहतीला सेक्टरांचे क्रमांक मिळाले. रिसाली, मरोदा, खुर्सीपार ही नावे टिकली. पण ज्या शिवारांवर सेक्टर उभे राहिले, त्यांची लहानमोठी नावे क्रमांकांत मावली नाहीत. उंची पुन्हा मोजता येते. नाव सांगणारा माणूस गेल्यावर ते पुन्हा विचारता येत नाही. म्हणून भाषेच्या अभ्यासकाने जुन्या नकाशाकडे शब्दसंग्रह म्हणूनही पाहिले पाहिजे.