खेळ लोकांच्या पैशाचा

आमच्या वस्तीत वर्गणी हा शब्द कुणाला नवा नाही. जयंती असो, मयत असो की कुणाच्या पोराची फी भरायची असो, वही घेऊन चार माणसे दारोदार फिरतात आणि कार्य पार पडते. परंतु खेळ छापण्यासाठीही वर्गणी काढता येते, हे आमच्या थोरल्या मुलीने सांगितले तेव्हा आम्ही दोघे नवरा-बायको हसलो.

तिने घरीच पुठ्ठ्यावर एक खेळ तयार केला होता. सार्वजनिक नळाला अर्धा तास पाणी येते, तेवढ्यात साऱ्या चाळीचे हंडे भरायचे. एकटा कुणी जिंकत नाही. सर्वांचे हंडे भरले तरच सर्व जिंकतात. शेजारची मुले रात्री उशिरापर्यंत खेळत बसत. तिला १०० संच छापायचे होते. छपाईवाल्याने ५० हजार रुपये सांगितले. आमच्याजवळ एवढा पैसा कुठला?

ती म्हणाली, "पप्पा, अमेरिकेत किकस्टार्टर नावाची कंपनी २००९ पासून हे काम करते. खेळ करणारा नमुना दाखवतो, लागणारी रक्कम आणि मुदत सांगतो. लोक आगाऊ पैसे कबूल करतात. मुदतीत ठरलेली रक्कम जमली नाही तर कुणाचाही पैसा घेत नाहीत. जमली तर कंपनी आपले ५ टक्के कापते. २०१५ साली 'एक्स्प्लोडिंग किटन्स' या पत्त्यांच्या खेळासाठी १० हजार डॉलर मागितले होते. २ लाख १९ हजारांवर लोकांनी ८७ लाखांहून अधिक डॉलर दिले."

"आणि पैसे घेऊन खेळ दिलाच नाही तर?" आम्ही विचारले.

तिने लपवले नाही. २०१२ साली 'द डूम दॅट केम टू अटलांटिक सिटी' या खेळासाठी ३५ हजार डॉलर मागितले होते. १,२४६ लोकांनी १ लाख २२ हजारांवर डॉलर दिले. पुढच्या वर्षी योजना मांडणाऱ्याने काम बंद केल्याचे जाहीर केले. त्याने त्या पैशातून घरभाडे भरले, बिऱ्हाड हलवले, असे तेथील केंद्रीय व्यापार आयोगाने २०१५ साली म्हटले. त्याच्याविरुद्ध १ लाख ११ हजार डॉलरचा आदेश झाला. परंतु ऐपत नसल्याने वसुली स्थगित राहिली. दुसऱ्याच एका कंपनीने तो खेळ छापून वर्गणीदारांना दिला, म्हणून निदान खेळ तरी मिळाला.

हे ऐकून आम्हाला झोप लागली नाही. येथे पैसे देणार होते ते आमचेच शेजारी. कुणाची हजेरी बुडालेली, कुणी धुण्याभांड्याला जाणारी. अखेर आम्ही एकच अट घातली. लोकांचा एक रुपयाही घरखर्चाच्या डब्यात यायचा नाही. तिने वेगळे खाते काढले, वही घातली आणि १०० जणांकडून प्रत्येकी ५०० रुपये घेतले.

मध्येच कागद महागला. छपाईवाल्याने ८ हजार रुपये वाढवले. पुठ्ठा पातळ घेतला असता तर कुणाला कळलेही नसते. पण मुलगी प्रत्येकाकडे गेली, खरे काय ते सांगितले आणि आणखी तीन महिने मागून घेतले. तिघांनी पैसे परत मागितले. त्यांना त्याच दिवशी दिले. काहींनी टोमणेही मारले. ते आम्ही खाली मान घालून ऐकले. तूट आमच्या भिशीतून भरली.

अखेर खेळ आला. प्रत्येक खोक्यात नियमांसोबत जमाखर्चाचा कागद होता. सफाईकाम करणाऱ्या आमच्या शेजारीणबाईंनी खोका हातात घेतला आणि नातवाला म्हणाल्या, "खेळ मागून बघू. आधी तो हिशेबाचा कागद वाच."

नातवाने तो मोठ्याने वाचला. शेवटच्या ओळीपर्यंत बाई उभ्याच होत्या. मग म्हणाल्या, "बरोबर हाय. आता मांड."

वाचकहो, आपल्या मुलांच्या डोक्यात असे काही आले तर हसू नका. जवळ असेल ते द्या. पण हिशेबाची वही पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती ठेवा.